तात्याची खुशाली

आमच्या घरातला तात्या हा माणूस नव्हता, ससा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हाही लोकांचा गोंधळ व्हायचा. आई जिन्यात उभी राहून मला हाक मारायची, "अगं ए, तात्याने पलंगाखाली घाण केलीय, आधी ती साफ कर आणि मग काय ते खेळायला जा," आणि सिलिंडर घेऊन वर चढणारा माणूस थबकून आमच्या दाराकडे बघत राहायचा. पांढराशुभ्र होता, डावा कान तेवढा तपकिरी, आणि त्या कानाचं टोक जरासं फाटलेलं. गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून असा काही बसायचा की गावच्या पडवीत बसून सगळ्या वाडीला नावं ठेवणारे बाबांचे चुलते आठवायचे. म्हणून बाबांनीच त्याचं नाव तात्या ठेवलं. माझ्या वाढदिवसाला तो घरी आला, आणि आणला होता आमच्या गाववाल्या नानांच्या दुकानातून.

आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायचो. वन रूम किचन, तिसरा मजला, आणि भिंती अशा की शेजारच्या रेखाबेनच्या कुकरची शिट्टी झाली की आई आपला गॅस बारीक करायला उठायची. तात्याला शिट्टी सहन व्हायची नाही. मागचा पाय जमिनीवर असा आपटायचा की खालच्या मजल्यावरून तक्रार यायची. रविवारी आई बांगडे तळायला लागली की हा बाथरूममध्ये जाऊन बसायचा आणि घरभर वास असेपर्यंत बाहेर यायचा नाही. आम्ही त्याला शुद्ध शाकाहारी, रेखाबेनचा जातभाई म्हणून चिडवायचो. खाली कोपऱ्यावरचा भाजीवाला फ्लॉवरची पानं आणि मुळ्याचा पाला एका पिशवीत वेगळा ठेवायचा. "लो, तात्या का टिफिन," असं म्हणून पिशवी हातात द्यायचा. संध्याकाळी मी फरशीवर पालथी पडून अभ्यास करायचे आणि तात्या माझ्या कोपराला हनुवटी घासायचा. मला भाऊ नाही, बहीण नाही. काय सांगू, मला त्या जनावराचा फार लळा होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

मग आईला धाप लागायला लागली. आधी वाटलं जिना चढून लागते, मग नुसतं बसल्या जागी लागायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, आणि पहिलाच प्रश्न, घरात केसाळ जनावर आहे का. आई पटकन "नाही" म्हणाली. खोटं बोलली, माझ्यासाठी. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आहे, ससा आहे." डॉक्टर म्हणाले, मग ठरवा तुम्ही, बाई पाहिजे का ससा. घरी जिना चढताना आईचा श्वास मलाही ऐकू येत होता ना. तात्या जाणार हे मला कळलं, आणि मी भांडले नाही. माझं म्हणणं एकच होतं, तो जिथे जाईल तिथे बरा राहिला पाहिजे. बाबा म्हणाले, "तेवढं माझ्यावर सोड."

जवळच्याच मुर्धा गावातल्या लीलाबाईंचं नाव रेखाबेननेच सुचवलं. बँकेतली नोकरी सोडून या बाईंनी खाडीकडच्या आपल्या घराच्या परसात लोकांनी टाकून दिलेली जनावरं सांभाळायला घेतली होती. आम्ही रिक्षाने गेलो, मांडीवर टोपली, टोपलीत तात्या. फाटकाशीच कुत्र्यांचा एकच गिल्ला झाला. बाईंनी टोपली उघडली, तात्याला उचलून उताणा केला आणि म्हणाल्या, "नर कोन म्हनला? मादी हाय ही." बाबा ओशाळले. म्हणाले, दुकानदार नर म्हणाला होता. माझ्या तोंडी मात्र तात्या शेवटपर्यंत ‘तो’च राहिला. मग बाईंनी प्रश्नांची सरबत्ती लावली. घेताना घरात विचारलं होतं का, किती वर्षं जगतो माहीत होतं का, आणि आता नको झाला म्हणून आणलात का. आईचा दमा सांगितला तेव्हा जरा निवळल्या, पण तोंड काही गोड झालं नाही. म्हणाल्या, "घेईन मी. पन आज जागा न्हाय. पुढच्या आठवड्यात एक पिंजरा मोकळा होतोय, तोवर गॅलरीत ठेवा. आनि पुढं कुनाला द्यायची ते मी घर बघून ठरवनार. न्हाय पटलं तर कुनालाच देनार न्हाय."

बाबांना हे असं उभं करून झाडणं सोसलं नाही. एका बाईने, ओळख ना पाळख, त्यांना मुलीसमोर शाळेतल्या पोरासारखं बोलावं! ते म्हणाले, "राहू दे. आमच्या नानांचं दुकान आहे, ते घेतील परत. चांगलं घरही बघून देतील."

"दुकानदार परत घेतो तो सांभाळायला न्हाय, इकायला घेतो," बाई म्हणाल्या.

"ते आमच्या गावचे आहेत."

"आनि ससा कनच्या गावचा हाय?"

बाबांनी टोपली उचलली आणि सरळ रिक्षात जाऊन बसले. मला त्या बाईंचा राग आला होता, खरं सांगते. परतीच्या वाटेवर मीही म्हणाले, "किती खडूस आहे!" आणि बाबा हसले.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे आमच्या राजापूरकडच्या मंडळींचा मीरा रोडमधला खांब. स्टेशनजवळ मासे, पोपट आणि ससे विकायचं त्यांचं दुकान होतं, पण त्यांचा मान दुकानामुळे नव्हता. गाववाल्यांच्या मंडळात सत्यनारायण असो, कुणाचं नवीन घर असो, गाऱ्हाणं नानांनीच घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे आमच्यात देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एक जण मांडतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणून त्याचे साक्षीदार होतात. नानांचा आवाज भरदार, डोळे मिटून बोलायला लागले की बायकांच्या अंगावर काटा यायचा. बाबांना काशीमीऱ्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत चिकटवलं ते नानांनीच, मालकाकडे शब्द टाकून. आमच्या लोकांची ही एक खोडच आहे. परका माणूस तोंडावर खरं बोलला तर तो उद्धट, आणि गाववाल्याने कोपराला गूळ लावला की तो देवमाणूस.

आम्ही तिघं दुकानात गेलो. नानांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. तात्याला बघून "अरे, आमचो जुनो माणूस इलो!" म्हणाले. बाबांनी ती मादी निघाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी तिला परत एकदा वळवून नीट बघितली आणि म्हणाले, "होय तर. मग काय, बेसच झाला." त्या बोलण्याचा अर्थ लावायची तेव्हा मला अक्कल नव्हती. मी रडायला लागले. नाना गल्ल्यामागून उठून माझ्यापाशी आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गो बाय, रडतंस कित्याक? तुझ्या समोर देवाक सांगतंय." दुकानातल्या देव्हाऱ्यासमोर त्यांनी नारळ ठेवला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान आपल्या जिवाचा जनावर माझ्या हवाली केल्यान हा. तेका चांगला घर गावांदे, चांगली माणसा गावांदे, काय इडा-पिडा असात ती दूर कर रे म्हाराजा!" बाबा म्हणाले, "होय म्हाराजा." आई पदराआडून म्हणाली. हुंदका गिळून मीही म्हणाले. पोपट ओरडत होते, टाक्यांमधून बुडबुडे येत होते, आणि मला खरोखर हलकं वाटलं. देवासमोर कोण खोटं बोलेल? टोपली तिथेच ठेवून आम्ही घरी आलो आणि आईने माझ्या आवडीची घावणं केली.

त्यानंतर दर रविवारी बाबा मंडळाच्या बैठकीला जायचे आणि येताना तात्याची खुशाली आणायचे. तात्याला उत्तनकडच्या एका बंगल्यात दिलाय. मोठं अंगण आहे, हिरवळ आहे. पुढच्या रविवारी कळायचं की त्या घरातल्या आजीबाई त्याला स्वतःच्या हाताने सफरचंद भरवतात. मग कळलं की आता तो मुळ्याच्या पाल्याला तोंडच लावत नाही, शेफारलाय. मग, दुपारी सोफ्यावर आजीबाईंच्या पायाशी झोपतो. बाबा चपला काढता काढता सांगायला लागायचे, आणि मी पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत उभी राहायचे. "नाना म्हणत होते," अशी सुरुवात व्हायची. मी ते सगळं भाजीवाल्याला सांगायचे, रेखाबेनला सांगायचे, शाळेत सांगायचे. भाजीवाला म्हणायचा, "अपना तात्या तो सेठ बन गया!" एकदा मला त्याला बघायला घेऊन चला म्हणून मी हट्ट धरला. बाबा म्हणाले, "नको गं. आत्ता कुठे रुळलाय. तुला बघितलं की परत सैरभैर होईल." मला ते पटलं. इतकंच नाही, माझे बाबा किती समजूतदार आहेत असंही वाटलं. आता ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

आई मात्र बरी होत गेली. पलंगाखालची जागा धुऊन पुसून तिथे धान्याचे डबे आले. बाबांची एक नवीनच आवड निघाली, डब्यात कच्चा मुळा किंवा काकडी पाहिजेच, पाल्यासकट. आई म्हणायची, "जन्मात कधी मुळ्याला शिवला नाहीत तुम्ही!" बाबा म्हणायचे, पोट साफ राहतं.

एका दुपारी रेखाबेनने मला हाक मारली, "फोन छे तारो!" आमच्याकडे फोन नव्हता, कुणाचा आला तर तिच्याकडे यायचा. पलीकडे लीलाबाई होत्या. नमस्कार चमत्कार काही नाही. "तुझ्या सशाचा डावा कान तपकिरी व्हता ना? टोक फाटलेलं?"

"हो," मी म्हणाले, "पण तो आता उत्तनला असतो. बंगल्यात."

बाई वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाल्या, "आईला घेऊन ये मुर्ध्याला. आजच ये." तो मऊपणा ऐकून मी फोन ठेवला आणि आईकडे धावले.

आई नाकाला पदर लावून फाटकाशीच थांबली आणि मी आत गेले. पोत्यावर तात्या पडला होता. तात्याच होता, कान तोच. पण पाठीवरचे केस गेलेले, पोट लोंबलेलं, आणि तळपायांना जाळीवर बसून बसून पडलेल्या ओल्या जखमा. मी हाक मारली. कान हलला, बस्स. मी हात पुढे केला तर अंग चोरून मागे सरकला. माझ्यापासून! मी तिथे मातीत बसले आणि मोठ्याने रडले, लाज वाटली नाही.

लीलाबाईंनी सांगितलं ते फाटकापर्यंत आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. काशीमीऱ्याला गॅरेजांच्या मागे नानांनी एक गुदाम भाड्याने घेतलं होतं. दुकानातली पिल्लं तिथे तयार व्हायची. लोक घरी नको झालेले ससे विश्वासाने आणून द्यायचे, त्यातल्या माद्या तिथे पिंजऱ्यांत जायच्या, पिल्लांचं एक वेत झालं की लगेच दुसरं. आता मालकाने गुदाम रिकामं करायला सांगितलं तेव्हा ज्या कामाच्या उरल्या नव्हत्या त्या घेऊन जा म्हणून कुणीतरी लीलाबाईंना कळवलं. बंगला नव्हता, आजीबाई नव्हती, सफरचंद नव्हतं. "चांगलं घर देतो म्हनून घेतात आनि हे असं करतात," बाई म्हणाल्या. "सगळेच असे असतात असं न्हाय. पन घर दाखव म्हनलं की जो टाळाटाळ करतो, त्याला जनावर देऊ नये, एवढं तर कळायला पायजे मानसाला!"

आई म्हणाली, "काशीमीऱ्याला? यांचं ऑफिस तिथेच आहे."

बाईंनी आईकडे बघितलं. बोलावं की नाही असा विचार त्यांनी केला असावा, पण गप्प बसायचा त्यांचा पिंडच नव्हता. "ठाव हाय मला. वॉचमन सांगत व्हता. ट्रान्सपोर्टवाले एक साहेब जेवनाच्या सुट्टीत यायचे, डब्यातला मुळा हिला भरवून जायचे. हिलाच, बाकीच्यांना न्हाय. तपकिरी कानवालीला."

आईने फाटकाची सळई धरली. मला कळायला तिच्यापेक्षा जरा वेळ लागला. कळलं तेव्हा रडू थांबलं आणि नुसता संताप उरला. नानांनी फसवलं ते समजू शकत होते, नाना शेवटी दुकानदार. पण बाबांनी तो पिंजरा बघितला होता. रोज बघितला होता. जाळीतून पाला आत सरकवला होता, हात झटकून ऑफिसला गेले होते, आणि रविवारी मला सोफ्याची गोष्ट सांगितली होती. लोक म्हणतात, अगं, तरी भरवायला जात होते ना, माया होती म्हणूनच ना. त्याच मायेचा मला राग येतो, आजही येतो. माहीतच नसतं तर मी माफ केलं असतं.

संध्याकाळी बाबा आले. मी नेहमीसारखा तांब्या दिला आणि विचारलं, "तात्याचं काही कळलं का हो?" आई ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. बाबा म्हणाले, "हो, नाना भेटले होते वाटेत. मजेत आहे. आजीबाईंनी त्याच्यासाठी छोटीशी गादी शिवून घेतलीय म्हणे." मी सगळं ऐकून घेतलं. गादीचा रंगसुद्धा विचारला. त्यांनी सांगितला, निळा. मग मी म्हणाले, "मी आज मुर्ध्याला तात्याला बघून आले."

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पाणी प्यायला उचललेला तांब्या त्यांनी तसाच खाली ठेवला. म्हणाले, "नानांना कोणत्या तोंडाने विचारणार होतो मी? त्यांच्या शब्दावर माझी नोकरी आहे."

"नानांना नाही तर नाही," मी ओरडले, "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"तुम्हाला वाटू नये म्हणून!" मी म्हणाले. त्या वयात हे वाक्य मला कुठून सुचलं देव जाणे. आईने वळून बघितलं, पण मला गप्प बस म्हणाली नाही. तव्यावरची भाकरी करपली, ती तशीच बाबांच्या ताटात गेली.

पुढच्या सत्यनारायणाला नाना गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. डोळे मिटले, तोच भरदार आवाज, "बा देवा म्हाराजा..." माझी आई, जी मोठ्यांसमोर मान वर करत नसे, ती भर पूजेतून उठली. माझा हात धरला आणि सगळ्या बायकांमधून वाट काढत बाहेर आली, प्रसादसुद्धा घेतला नाही. मागे सगळ्यांचा एकच "होय म्हाराजा" झाला. मी वळून बघितलं. बाबा बसून होते, मान खाली घालून. त्यांचे ओठ हलले. ते मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

आता त्या बाजूला काचेची, एसी असलेली मोठाली दुकानं झालीत. एकाच्या दारावर पाटी आहे, तुमच्या लाडक्याला आम्ही नवीन घर शोधून देऊ. असेल बुवा, हा मालक चांगलाही असेल. माझ्या मैत्रिणी विचारतात, द्यावा का तिथे, तर मी म्हणते, आधी ते घर बघायला मिळेल का विचार. चाळिशी उलटली माझी, आता मीच ती खडूस बाई झालेय.

पण सांगायचं ते हे नाही. त्या पूजेनंतर बाबा एका रविवारी सकाळी लवकर बाहेर पडले. मंडळात जायचं त्यांनी बंद केलं नव्हतं, पण त्या दिवशी तिथे गेले नाहीत. दुपारी आले तेव्हा चपलांना चिखल होता. मी पाणी द्यायला उठले नाही. ते स्वतःच माठाशी गेले, पाणी प्याले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुर्ध्याला गेलो होतो. तात्याने आज आपणहून पाला खाल्ला. पायाच्या जखमा सुकतायत." मी वहीतून डोकं वर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी न येता परस्पर मुर्ध्याची बस पकडली. लीलाबाई कुत्र्यांचं जेवण ढवळत होत्या. मी विचारलं, तात्याने काल खाल्लं का. "खाल्लान की," त्या म्हणाल्या, "तुझा बाप व्हता ना इथं. सांगलं न्हाय त्यानं?"

"सांगितलं," मी म्हणाले.

बाईंनी पळी थांबवली. मी तात्यापाशी बसले, आणि या वेळी तो मागे सरकला नाही. घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. बाबा दारातच उभे होते. कुठे गेली होतीस, त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. "मग?" ते म्हणाले. "खाल्लं होतं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि बाजूला होऊन मला आत जाऊ दिलं.

तात्या पुढचा उन्हाळा संपेपर्यंत जगला, मुर्ध्यालाच. लीलाबाईंनी त्याला कुणाला दिला नाही. आणि तेव्हापासून बाबांना एक सवय लागली. मला काहीही चांगलं सांगितलं की ते लगेच पुढे म्हणतात, "जा, बघून ये." दहावीचा निकाल ते आणायला गेले होते. "पहिला वर्ग मिळाला तुला. जा, बघून ये." माझ्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा मुलाकडून येऊन म्हणाले, "माणसं बरी वाटली. तू जा, बघून ये." टोमणा नसतो त्यात, चीडही नसते. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तपासण्या केल्या. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते बाकावर शर्टाची बटणं लावत बसले होते. म्हणाले, "काही नाही म्हणाले डॉक्टर. हृदय ठणठणीत आहे." मग आतल्या केबिनकडे बोट केलं. "जा, विचारून ये."

मी पर्स त्यांच्याजवळ ठेवली आणि विचारायला गेले.